पाटावरचा पाच वॅटचा रेझिस्टर

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर काय मांडायचं ते ठरलेलं आहे. माझी पक्कड, सोल्डरिंग आयर्न, काट्याचा जुना मीटर, सुधाची शिवणाची मोठी कात्री, आणि एक मेलेला रेझिस्टर. हा रेझिस्टर खडूच्या अर्ध्या तुकड्याएवढा, पांढरा, चौकोनी आहे. एका अंगावर चहाचा थेंब वाळावा तसा तपकिरी डाग आहे. सुधा, म्हणजे माझी पत्नी, दरवर्षी म्हणते, "मेलेल्याला हळद-कुंकू वाहत नाहीत हो." मी दरवर्षी वाहतो.

या अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या गमतीजमती लिहा" असं कळवलं आहे. मी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या कार्यशाळेत, दिल्लीत, बिनतारी यंत्रं दुरुस्त करण्यात बत्तीस वर्षं काढली. तिथल्या निम्म्या गमती गोपनीय होत्या आणि उरलेल्या कंटाळवाण्या. खरं सांगायचं तर गोपनीय होत्या त्या जास्तच कंटाळवाण्या होत्या. म्हणून नोकरीने मला शिकवलेल्या आणि मी एकदाच विसरलेल्या एका गोष्टीबद्दल लिहितो.

ती शिकवली भाटियासाहेबांनी. ते आमच्या कार्यशाळेचे प्रमुख. हिवाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणारे. पुण्याहून आलेल्या आम्हा नव्या मंडळींना त्यांनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता. "पाटणकरजी, पहले हिसाब करो. फिर दुगना करो. फिर जून का महीना याद करो."

हा नियम रेझिस्टरच्या वॅटबद्दल होता. वाचकांपैकी बहुतेकांनी रेझिस्टर पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगतो. रेझिस्टर हा विजेच्या वाटेतला मुद्दाम ठेवलेला अडथळा. अडवणारा गरम होतोच. तो किती अडवतो ते ओहममध्ये सांगतात आणि अडवताना किती उष्णता सोसू शकतो ते वॅटमध्ये. ओहम सगळे विचारतात, वॅट कुणी विचारत नाही. लग्न जमवताना पगार विचारतात आणि स्वभाव विचारत नाहीत तसंच. कमी वॅटचा रेझिस्टर लावला तर तो पहिल्या दिवशी कुरकुरत नाही. मंत्रालयातल्या एखाद्या गरीब कारकुनासारखा दुप्पट फायली उपसत राहतो, आणि एक दिवस न सांगता कायमच्या रजेवर जातो.

हिशेब सोपा आहे. रेझिस्टरवरच्या व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि त्याला ओहमने भागायचं, की वॅट आले. यातला वर्ग हा शब्द महत्त्वाचा. व्होल्टेज दहाचे बारा झाले तर उष्णता दहाची चौदाच्या वर जाते. आणि दिल्लीत दहाचे बारा व्हायला काही लागत नाही. कागदावर आपल्या घरी दोनशे तीस व्होल्ट येतात. मे महिन्यात सगळ्या कॉलनीचे कूलर सुरू झाले की ते एकशे सत्तर होत, आणि जानेवारीत पहाटे सगळे रजईत असताना दोनशे साठ. त्यात रेझिस्टर बसतो बंद पत्र्याच्या डब्यात, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. कारखान्याने त्याच्या अंगावर पाच वॅट छापलेलं असतं ते मोकळ्या हवेतलं. जून महिना याद करायचा तो यासाठी.

ही विद्या घेऊन मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार करत असताना देशाचे दरवाजे उघडले. म्हणजे नेमकं काय झालं ते अर्थतज्ज्ञ सांगतील; आमच्या जिन्यावर त्याचा परिणाम असा झाला की ज्याच्या त्याच्या हातात परदेशी म्युझिक सिस्टिमचं खोकं दिसू लागलं. चंदेरी डबे, शंभर बटणं, नाचणारे हिरवे दिवे. आणि मग वर्षा-दोन वर्षांत, ज्यांच्याकडे असे तीन-तीन डबे होते, त्यांच्यापैकी काहींना कळलं की विलायतेतले खरे दर्दी लोक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ऐकतात. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतले काचेचे दिवे, आत मंद तांबूस तापणारे. आमच्या खात्याने ते भंगारात काढायला नुकती सुरुवात केली होती.

मला व्हॉल्व्ह येत होते. हौस होती. बाल्कनीला काचा लावून मी तिथे टेबल टाकलं आणि सुट्टीच्या दिवशी ॲम्प्लिफायर बांधू लागलो. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळायचो, पत्रा स्वतः कापायचो. चार वर्षांत अकरा बांधले. अकराही वाजले. हे वाक्य मी साधेपणाने लिहिलं आहे, पण ज्याने कधी घरी ॲम्प्लिफायर बांधला आहे त्याला विचारा, अकरापैकी अकरा म्हणजे काय.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. गुडगावच्या नव्या वस्तीत मल्होत्रा नावाचे एका परदेशी कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट राहत. बंगल्याला रोमन खांब, नळाला टँकरचं पाणी. "पाटणकर साहब, मुझे वार्म्थ चाहिए, वार्म्थ!" ते म्हणाले. मी म्हटलं, ती भरपूर मिळेल. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये गर्मीची कमतरता कधीच नसते. माझं सगळं काम ती कुठे जाऊ द्यायची नाही हे बघण्याचं. त्यांना ते काव्य वाटलं. नंतर त्यांनी तो ॲम्प्लिफायर सागवानी कपाटात, आत मखमल लावून, काचेच्या दारामागे ठेवला. मी दार काढायला लावलं. "लेकिन डिझायनर ने..." ते म्हणाले. मी म्हटलं, डिझायनरला जून महिन्यात आत बसवून बघा.

प्रत्येक ॲम्प्लिफायरबरोबर मी हाताने लिहिलेला एक कागद द्यायचो, मराठी गिऱ्हाइकाला मराठीत, इतरांना हिंदीत. त्यातलं चौथं कलम असं होतं: "वर्षातून एकदा, शक्यतो खंडेनवमीला, खालचा पत्रा काढून आतली धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. आधी वायर प्लगमधून काढावी. पाच मिनिटं थांबावं. मग हात लावावा."

पाच मिनिटं का, तर ॲम्प्लिफायरच्या पोटात कपॅसिटर असतात. ते विजेचे हंडे. प्लग काढला तरी हंड्यात चारशे व्होल्ट भरून राहू शकतात, आणि तेवढ्यात माणूस मरतो. म्हणून त्या हंड्याला एक बारीक तोटी लावलेली असते, जिच्यातून वीज हळूहळू झिरपून जाते. ती तोटी म्हणजेही एक रेझिस्टर. आम्ही तिला ब्लीडर म्हणतो. माझ्या ब्लीडरने हंडा अर्ध्या मिनिटात रिकामा होई. मी पाच मिनिटं लिहिली होती. कागदावर मी दसपट सावध होतो.

पत्र्याच्या आत नव्हतो. आता कबूल करायला हरकत नाही. त्या ब्लीडरवर चारशे व्होल्ट, तो सत्तेचाळीस हजार ओहमचा, हिशेबाने साडेतीन वॅटच्या आसपास. भाटियासाहेबांच्या नियमाने दुप्पट म्हणजे सात, आणि जून धरून दहा वॅटचा लावायला हवा होता. मी पाच वॅटचा लावला. मिळत नव्हता म्हणून नाही. दहाचा लांब होता, आणि तो लावला की पत्र्याखालची माझी रांग बिघडायची. मी सगळे भाग एका रेषेत, एका उंचीचे, कवायतीला उभे केल्यासारखे बसवत असे. ती रांग कुणीही कधी बघणार नव्हतं. मल्होत्रांच्या रोमन खांबांना हसत मी गुडगावहून परत यायचो, आणि माझे खांब मी पत्र्याखाली लपवून ठेवले होते.

हे मला कळलं ते मल्होत्रांकडेच. नवरात्राला दोन दिवस होते. एक व्हॉल्व्ह मंद झालाय म्हणून त्यांनी बोलावलं होतं. "देखिए," म्हणत त्यांनी बटण दाबलं, लाल दिवा लागला, तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी लगेच बंद केला. प्लग काढला आणि आत गेले. मी डबा उलटा केला, पत्रा काढला. चहा घेतला. पाच मिनिटं नक्कीच गेली होती. मग कार्यशाळेतल्या सवयीने, हात घालण्याआधी, लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर कपॅसिटरच्या दोन टोकांना लावला.

बंदुकीसारखा आवाज झाला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा एक कोपरा वितळून गेला होता.

मल्होत्रा धावत आले. "यह नॉर्मल है?"

"बिल्कुल," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत बेजबाबदार वाक्य.

ब्लीडर मेला होता. आतली तार तुटलेली, वरून फक्त एक तपकिरी डाग. आणि यातली खरी वाईट गोष्ट अशी की ब्लीडर मेला तर ॲम्प्लिफायरला काही होत नाही. वास नाही, आवाज नाही. उलट आतलं व्होल्टेज थोडं चढून तो किंचित चांगलाच वाजतो. रोज वाजवून बंद केला तर तापलेले व्हॉल्व्हच हंड्यातली वीज पिऊन टाकतात. पण सुरू करून व्हॉल्व्ह तापायच्या आत बंद केला, मल्होत्रांनी केला तसा, तर हंडा भरतो आणि पिणारं कुणी नसतं. तेव्हा एकट्या ब्लीडरचा भरवसा. म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तो मेलेला चालतो.

उरलेला एक दिवस कोणता, ते मीच कागदावर लिहून दिलं होतं.

घरी येऊन मी स्वतःचा ॲम्प्लिफायर उघडला. ब्लीडर जिवंत होता, पण तपकिरी. सुधा दारात उभी होती. मी तिला सगळं सांगितलं.

"असे किती आहेत?" तिने विचारलं.

"अकरा. एक आज काढला."

"मग बसलात काय? नवमीला दहा दिवस आहेत. उठा की."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जामा मशिदीमागच्या भंगार बाजारात गेलो. तिथे जुन्या लष्करी यंत्रांतले हिरव्या मुलाम्याचे चिनी मातीचे रेझिस्टर ढिगाने मिळत. एक लाख ओहम, वीस वॅट. आता प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये एक नाही, दोन स्वतंत्र लावायचे ठरवले, म्हणजे एक मेला तरी दुसरा तोटी उघडी ठेवील. प्रत्येकावर उष्णता जेमतेम दीड वॅट, ताकद वीसची. चालू असताना जेमतेम कोमट राहतील असे. ते बोटाएवढे जाड होते आणि रांगेचा पार विचका करत होते. त्यांतले काही आमच्याच खात्याने फेकलेल्या यंत्रांतले असणार. भाटियासाहेबांनी स्वतः बसवलेले असतील, असं मला उगाच वाटत राहिलं.

मग स्कूटरवर घरोघर. लोक चकित झाले. नव्या बाजारपेठेत घरी येऊन वस्तू विकणारे पुष्कळ होते. विकलेली वस्तू चुकली म्हणून न बोलावता येणारा मी पहिलाच. हिंदूराव इस्पितळाच्या टेकडीखाली राहणारे एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, "पाटणकर, आम्ही असे चुका दुरुस्त करत घरोघर फिरू लागलो, तर दवाखान्यात बसायचं कुणी?" नोएडाच्या नव्या सेक्टरमधले एक ब्रिगेडियर डबा उघडूच देईनात.

"बज रहा है न?"

"जी."

"तो बजने दो. आप टेक्निकल लोग चैन से नहीं बैठते."

मी त्यांच्या सोफ्यावर चैनीत बसून राहिलो. दीड तास. शेवटी त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अजी खोलने दो, वरना लंच भी यहीं करेंगे." उघडला. मेलेला होता. ब्रिगेडियरसाहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि जेवायला थांबवून घेतलं.

अष्टमीपर्यंत दहा झाले. चार मेलेले, बाकीचे तपकिरी. राहिला एक, आणि तो वाघमाऱ्यांचा.

दिगंबर वाघमारे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरात आमच्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहायचे. उन्हाळ्यात त्यांचा मयूर विहारच्या सहकारी सोसायटीतला फ्लॅट तयार झाला आणि ते गेले. "पुढच्या रविवारी येतो" असं आम्ही दोघं बरेच रविवार म्हणत होतो. पत्ता घेतला नव्हता. फोनसाठी त्यांनी अर्ज केला होता. मंत्रालयात चौकशी केली तर तिथे त्यांचा पत्ता लक्ष्मीबाई नगरचाच. सरकारी नोंदीत माणूस जुन्या घरी दोन वर्षं जास्त राहतो. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "वाघमारे साहब छुट्टी पर हैं. पूजा-वूजा है कुछ."

माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी तो कागद वाचला असेल याची मला खात्री नव्हती. वाघमाऱ्यांबद्दल होती. हा माणूस कागदाला पंच मारून फायलीत लावणारा. कागदावर खंडेनवमी म्हटलं तर खंडेनवमी. पाच मिनिटं म्हटलं तर सहाव्या मिनिटाला त्यांचा हात आत. शिवाय कोरडा ब्रश मी लिहिला असला, तरी पाटावर मांडायची प्रत्येक वस्तू ओल्या फडक्याने पुसून घ्यायची ही त्यांच्या घरची रीत. जिन्यात आम्ही ती दोन दसरे पाहिली होती.

नवमीच्या सकाळी मी स्कूटर काढली तर सुधा मागे येऊन बसली.

"तू कशाला?"

"तुम्हाला सापडणार आहे का? वाघमाऱ्यांची मंदा मला म्हणाली होती, आमच्या बाल्कनीतून पाण्याची टाकी दिसते आणि लग्नाचा हॉल ऐकू येतो."

"तिथे सगळ्याच बाल्कन्यांतून दिसत असेल."

"मग सगळ्या बघू."

यमुनेचा पूल ओलांडला. मयूर विहार तेव्हा नुकतं उभं राहत होतं. रस्ते कच्चे आणि सोसायट्यांची नावं पक्की; एकीत विकास, दुसरीत प्रगती, तिसरीत दोन्ही. टाक्या दोन सापडल्या. पहिल्या टाकीजवळच्या चार सोसायट्यांत मराठी कुणी नव्हतं. वाटेत दुकानांचे जनरेटर घरघरत होते. वीज गेलेली होती. मला बरं वाटलं. वीज नाही म्हणजे हंडा भरणार नाही. पण चौकातल्या पानवाल्याने सांगितलं, "सुबह से आँख-मिचौली है. दस सेकंड को आती है, फिर गुल." दहा सेकंद. व्हॉल्व्ह तापायला वीस लागतात, हंडा भरायला एक. मी पुढे स्कूटर कशी चालवली ते सुधा अजून नातवंडांना सांगते.

दुसऱ्या टाकीजवळच्या दुसऱ्या सोसायटीच्या फाटकात चौकीदार उन्हात खुर्ची टाकून बसला होता.

"मराठी वाले? वाघमारे?" मी विचारलं.

"वो जिनके यहाँ रोज़ सवेरे गाना बजता है? तीसरी मंज़िल. पर आज बजा नहीं."

मी जिना चढलो. लिफ्ट होती; अर्थात बंद.

मंदावहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, सुधा! या या, अगदी पूजेच्या वेळी आलात. अहो, बघा कोण आलंय!"

खोलीच्या मधोमध सतरंजीवर वर्तमानपत्रं पसरलेली. त्यावर माझा ॲम्प्लिफायर, उलटा, पत्रा काढलेला. शेजारी पितळेच्या वाटीत पाणी, ताम्हनात हळद-कुंकू, झेंडूची फुलं. वाघमारे मांडी घालून बसले होते. पुढ्यात फाइल उघडी, फाइलीवर मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. उजव्या हातात पिळलेलं ओलं फडकं.

"या पाटणकर," घड्याळावरची नजर न काढता ते म्हणाले, "चार मिनिटं झालीत. एक मिनिट बसा, मग उठतो."

"हात मागे घ्या."

"आहेच मागे. अजून पन्नास सेकंद आहेत."

"वाघमारे, लाइट कधी आली होती?"

"आत्ताच. म्हटलं आधी लाल दिव्याला नमस्कार करून घेऊ, म्हणून सुरू केला. लागला नि गेला. मग बटण बंद, प्लग काढला, आणि तिथपासून पाच मिनिटं धरली. तुमच्या कलमाप्रमाणे."

"कलम चुकीचं आहे."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटतं, मंत्रालयातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मसुदा लिहिणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नसावं.

"तुमच्याच अक्षरात आहे," ते म्हणाले.

"माझंच अक्षर चुकीचं आहे. ते फडकं वाटीत ठेवा आणि मागे सरका."

ते सरकले. मी पिशवीतून मीटर काढला आणि टोकं लावली. काटा उठला आणि तीनशे सत्तरवर जाऊन थांबला. फाइलीवरच्या घड्याळात पाच मिनिटं होऊन गेली होती. काटा तिथेच होता.

मंदावहिनींना मीटर वाचता येत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा येत होता. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. सुधा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

मी सोबत नेलेला रेझिस्टर चिमट्याने लावून हंडा रिकामा केला, काटा शून्यावर आला तो वाघमाऱ्यांना दाखवला, मग दोन हिरवे ब्लीडर बसवले. सोल्डरिंगला वीज हवी, ती सव्वा तासाने आली. तोवर कुणाला चहासुद्धा सुचला नाही. काम झाल्यावर मी सुरू केला, लगेच बंद केला, प्लग काढला आणि मीटर लावला. अर्ध्या मिनिटात काटा खाली. वाघमाऱ्यांनी ते तीन वेळा करायला लावलं.

मग त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली.

"चौथं कलम दुरुस्त करा."

मी "पाच मिनिटं थांबावं. मग हात लावावा" हे खोडलं आणि लिहिलं: "मीटर लावून शून्य बघावं. शून्य दिसल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून हात लावू नये. माझ्यासुद्धा."

"सही, तारीख," वाघमारे म्हणाले. मी केली. "खोडल्याजागी पण सही लागते." तीही केली.

तुटलेला ब्लीडर वर्तमानपत्रावर पडला होता. त्यांनी तो उचलला, माझ्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा," एवढंच म्हणाले. रागाने म्हणाले की कसे, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग फडकं पुन्हा पिळून त्यांनी ॲम्प्लिफायर बाहेरून नीट पुसला, ट्रान्सफॉर्मरला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि मला म्हणाले, "आता लावा. गाणं राहिलंय सकाळचं."

त्यानंतर मी आणखी बरेच बांधले. सगळ्यांत दोन-दोन हिरवे ब्लीडर आहेत, आडवेतिडवे, रांग मोडून बसलेले. माझा एकही ॲम्प्लिफायर जळला नाही आणि कुणाला त्याचा धक्का बसला नाही. नोकरीत असताना मला दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती कुठल्या पेटीत आहेत ते सुधाला माहीत. पांढरा रेझिस्टर कुठे आहे ते मला माहीत आहे.

वाघमारे तीन वर्षांमागे गेले. झोपेत, एक्क्याऐंशीव्या वर्षी, म्हणजे माझ्या हातून नाही. यंदा श्रावणात त्यांच्या मुलीचा, मीनलचा, फोन आला. ती गुडगावात कुठल्याशा आयटी कंपनीत आहे. मराठी बोलते, पण मधे मधे शब्द शोधत थांबते.

"काका, बाबांचा ॲम्प्लिफायर एका टेक्निशियनला दाखवला. व्हॉल्व्ह बदलायचे होते. त्याने खाली उघडलं आणि हसायलाच लागला. म्हणे, दीड वॅटच्या जागी वीस-वीस वॅटचे दोन? इसे जिसने भी बनाया, बड़ा डरपोक आदमी था."

मी फोन कानापासून दूर धरला आणि सुधाला म्हटलं, "ऐकलंस?" तिने ऐकलं होतं. ती हसत होती.

"काढू का म्हणतोय तो. जागा होईल, नीट दिसेल म्हणे."

"नको. आता उघडा आहे का?"

"हो, समोरच आहे. आत्तापर्यंत वाजत होता. बंद केला, प्लग काढला. आणि काका, बाबांच्या फायलीतला कागद काढला मी. मीटर लावायला लावला त्याला. झिरो आहे."

"मग त्या दोन हिरव्यांना बोट लावून बघ."

तिने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पलीकडे तो टेक्निशियन काहीतरी म्हणत होता. मग ती शब्द शोधत असावी, कारण तिला वेळ लागला.

"कोमट," मीनल म्हणाली. "कोमट आहेत, काका."